झेन्कोजी ते हाकुबा : नागानोच्या डोंगरातले मुक्काम

टोक्योहून शिंकानसेनने दीड तासात नागानो येतं. त्यामुळे बरेच जण सकाळी निघतात, गरम पाण्यात बसलेली माकडं बघतात आणि रात्री टोक्योला परततात. मला हे फार खटकतं. जपानच्या मुख्य बेटाच्या मधोमध असलेला हा प्रांत. समुद्रकिनारा नाही, जिकडे बघाल तिकडे डोंगर. जुनं नाव शिनानो. परक्या माणसाला घरात घ्यायचं, जेवू घालायचं, सकाळी वाटेला लावून द्यायचं, हे इथली माणसं शेकडो वर्षं करत आली आहेत. आधी यात्रेकरू आले, मग गिर्यारोहक, मग स्कीवाले. तिथे रात्र काढल्याशिवाय नागानो कळायचं कसं? म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, नवरा आणि माझी आई निघालो ते रोज रात्री कुठे झोपायचं हे आधी ठरवून. देवळं आणि डोंगर त्याभोवती बसवले.

सोमवार : स्टेशनपासून देवळापर्यंत

शिंकानसेन इथवर आली १९९७ साली, पुढच्या वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर. स्टेशनबाहेरच्या चौकात एका मुलीचा पुतळा आहे, झेन्कोजी मंदिराकडे तोंड करून उभी असलेली. लोक तिच्या बाजूने भराभर निघून जातात. आम्ही मात्र थांबलो, कारण कथेप्रमाणे ही मुलगी भारतातली, वैशालीची.

वैशालीत एक गडगंज श्रीमंत आणि तितकाच कंजूष सावकार राहत होता. साथीच्या आजारात त्याची लाडकी लेक अंथरुणाला खिळली. जपानी कथेत तिचं नाव न्योझे. सगळे उपाय हरल्यावर तो बुद्धाकडे गेला. बुद्धाने त्याला अमिताभ या दुसऱ्या बुद्धाची आराधना करायला सांगितलं. अमिताभ दोन बोधिसत्त्वांसह प्रकट झाले, मुलगी बरी झाली आणि त्या तिघांची सोन्याची मूर्ती घडवली गेली. मूर्ती पुढे कोरियातल्या बेकजे राज्यात गेली आणि तिथून, परंपरेप्रमाणे ५५२ साली, जपानला आली. नवा धर्म नको असलेल्या सरदारांनी ती नानिवाच्या, म्हणजे आजच्या ओसाकाच्या, कालव्यात फेकून दिली. शिनानोचा होंदा योशिमित्सु त्या वाटेने जात असताना त्याला ती सापडली. त्याने ती पाठीवर घेऊन गावी आणली आणि स्वतःच्या घरात ठेवली. ‘योशिमित्सु’ची अक्षरं ‘झेन्को’ अशीही वाचतात, म्हणून मंदिर त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

एवढं मोठं तीर्थक्षेत्र, आणि त्याची सुरुवात एका माणसाच्या घरातून! आईला ही गोष्ट इतकी भावली की देवळापर्यंतचे दोन किलोमीटर बसने न जाता चालतच जायचं तिने ठरवलं. रस्ता हलक्या चढाचा, सरळ. वाटेत ओयाकी घेतल्या. गव्हाच्या किंवा कुट्टूच्या पिठाच्या जाडसर पारीत सारण भरून त्या भाजतात किंवा वाफवतात. आम्हाला भोपळ्याची आणि नोझावाना नावाच्या पालेभाजीची मिळाली. थंडीत हाताला चटका देणारी ओयाकी खात चढ चढायला मजा येते.

देवळाच्या अलीकडच्या गल्ल्यांमध्ये ३९ शुकुबो आहेत, म्हणजे यात्रेकरूंना उतरवून घेणारी छोटी उपमंदिरं. घराचा मालक हाच पुजारी. खोल्या चटयांच्या, अंथरूण जमिनीवर. रात्रीच्या जेवणात मांस-मासे काही नाही. शाकाहारी मराठी माणसाला जपानमध्ये सर्वांत मोठा त्रास होतो तो माशाच्या अर्काचा, कारण तो साध्या सूपमध्येही असतो. इथल्या देवळाच्या स्वयंपाकात मात्र सूपला चव येते ती समुद्री केल्प आणि वाळवलेल्या शिताके आळंब्यांची. तिळाचं मऊसूत तोफू, रानभाज्यांचं तेंपुरा, इथल्या शिनशु मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप, लोणची आणि भात. आईने एकेक वाटी उचलून, वास घेऊन, चवीचवीने संपवली. जेवण आवरल्यावर पुजारीबुवा विचारायला आले, सकाळच्या पूजेला कोण कोण येणार? ते स्वतः पाहुण्यांना घेऊन जातात. आम्ही तिघांनीही हात वर केले.

मंगळवार : जी मूर्ती कोणालाच दिसत नाही

झेन्कोजीची पहाटपूजा वर्षभर, एकही दिवस न चुकता होते. वेळ सूर्याबरोबर सरकते. ऐन उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात सात. आम्ही अंधारातच निघालो. गारठा चांगलाच होता. पुजारीबुवा हातात कंदील घेऊन पुढे, मागे आम्ही आणि आणखी काही जपानी आजी-आजोबा.

निओमोन दरवाजातून आत गेलं की दगडी फरसबंदीची वाट लागते. या वाटेत ७,७७७ दगड आहेत असं सांगतात. पुढे १७५० सालचं सानमोन हे भव्य द्वार. त्यावरच्या पाटीत नीट पाहिलं तर अक्षरांच्या रेघांमध्ये पाच कबुतरं लपवलेली आहेत. पुजारीबुवांनी कंदील वर धरून ती एकेक करून दाखवली आणि सगळ्यांनी लहान मुलांसारखी मोजली.

मुख्य मंदिर १७०७ सालचं, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं. छप्पर हिनोकी झाडाच्या सालींचं. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. झेन्कोजी कोणा एका पंथाचं नाही. तेन्दाई पंथाचे महंत आणि जोदो पंथाच्या महंत मिळून ते चालवतात. जोदोच्या बाजूची प्रमुख स्त्रीच असते. जपानमधली कित्येक तीर्थस्थानं आणि पवित्र डोंगर बायकांना बंद होते, तेव्हाही झेन्कोजीचे दरवाजे बायकांना उघडे होते. म्हणूनच आजी, सुना, विधवा अशा सगळ्या जणी शेकडो वर्षं इथे पायी येत राहिल्या. जपानमध्ये म्हणतातच, जन्मात एकदा तरी झेन्कोजी करावं.

पूजा सुरू झाली. ढोलांचा घुमणारा आवाज, पठण, आणि गाभाऱ्यापुढचा जरीचा पडदा हळूहळू वर गेला. पडद्यामागे बंद देव्हारा. तो उघडत नाही. वैशालीहून आली म्हणतात ती मूर्ती त्यात आहे, आणि ती कोणीही पाहत नाही, मंदिराचे महंतसुद्धा नाहीत. तिची प्रतिकृती तेवढी दर सहा वर्षांनी वसंतात दर्शनासाठी बाहेर काढतात. त्या उत्सवाला गोकाइचो म्हणतात. तेव्हा मंदिरासमोर एक उंच लाकडी खांब उभारतात आणि मूर्तीच्या हाताला बांधलेली दोरी त्या खांबापर्यंत आणतात. खांबाला हात लावला की देवाचा हात धरल्यासारखंच. मागचा गोकाइचो करोनामुळे वर्षभर लांबून २०२२ मध्ये झाला, पुढचा २०२७ मध्ये आहे.

विठोबाच्या पायांवर डोकं टेकवल्याशिवाय वारी पुरी झाली असं न मानणाऱ्या घरातली मी. बंद देव्हाऱ्यापुढे तसूभरही न हलता बसलेली माणसं पाहून मी थक्क झाले. शेजारच्या आजी डोळे मिटून पुटपुटत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही राहून गेल्याची खंत मुळीच नव्हती. गंमत म्हणजे ही मूर्ती सोळाव्या शतकातल्या लढायांत चांगलीच हिंडली आहे. ताकेदा शिंगेन या सरदाराने ती आपल्या मुलखात नेली, मग ती एका सरदाराकडून दुसऱ्याकडे गेली, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने थेट क्योतोला नेली. १५९८ मध्ये ती घरी परत आली.

पूजा आटोपून महंत बाहेर पडतात तेव्हा वाटेच्या कडेला सगळे ओळीने गुडघे टेकून बसतात. महंत चालता चालता प्रत्येकाच्या डोक्याला जपमाळ टेकवत जातात. आईच्या डोक्याला माळ लागली तेव्हा तिने आपसूक हात जोडले.

यानंतर गाभाऱ्याखालचा बोगदा. चार पायऱ्या उतरलात की इतका मिट्ट काळोख, की डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला लावून सरकत राहायचं. बरोबर मूर्तीच्या खाली भिंतीला एक कुलूप आहे. ते हाताला लागलं की त्या मूर्तीशी आपली गाठ बांधली गेली. आई पुढे, मी मागे, नवरा माझ्या मागे. दोन वळणं झाली आणि पुढून धातूचा खडखडाट ऐकू आला. मग आईचा आवाज : ‘‘सापडलं गं! अजून जरा खाली हात घाल.’’ थंडगार, जड, असंख्य हातांनी गुळगुळीत झालेलं ते कुलूप मी दोनदा खडखडवलं.

बाहेरच्या सभामंडपात बिंझुरु बसलेले आहेत. हे आपले पिंडोल भारद्वाज, बुद्धाचे शिष्य, सोळा अर्हतांपैकी एक. आपलं जे दुखत असेल त्या जागी मूर्तीवर हात फिरवायचा आणि मग तोच हात स्वतःला लावायचा. तीनशे वर्षांत लोकांनी इतकं चोळलंय की नाक-डोळे जवळजवळ पुसले गेलेत. एप्रिल २०२३ मध्ये ही मूर्ती कोणीतरी चक्क उचलून नेली होती. त्याच दिवशी मात्सुमोतो शहरात ती सापडली आणि सगळ्या गावाचा जीव भांड्यात पडला. आईने गुडघ्यांवरून हात फिरवला, मग जरा थांबून खांद्यांवरूनही.

दुपार बाजारात गेली. यावातया इसोगोरो हे मसाल्याचं दुकान १७३६ पासून चालू आहे. त्यांचा सात चवींचा मसाला म्हणजे मिरची, आलं, तीळ, भांगेच्या रोपाचं बी, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल, शिसो नावाचा सुगंधी पाला आणि सांशो. हे सांशो तिरफळाच्याच कुळातलं. डबी उघडून हुंगलीत तर कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

बुधवार : तोगाकुशीची सुगी वृक्षांची वाट

मोठ्या बॅगा कुरिअरने पुढे हाकुबाला पाठवल्या आणि पाठीवरच्या पिशव्या घेऊन तोगाकुशीची बस पकडली. तासाभराचा वळणावळणाचा चढ. जसजसं वर जावं तसतसा रंग पालटतो : खाली हिरवं, मध्ये पिवळं, वर लालभडक.

तोगाकुशीच्या डोंगराची कथा अशी. सूर्यदेवी अमातेरासु रागावून गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार झाला. देवांनी बाहेर नाचगाणं मांडलं. काय चाललंय म्हणून तिने दार किलकिलं केलं, तेवढ्यात बलदंड तेजिकाराओने शिळेचं ते दार उपसून भिरकावून दिलं. ते इथे येऊन पडलं आणि त्याचा डोंगर झाला. तो दातेरी, उभा कडा समोर बघितला की कथेवर विश्वास बसतो. पाच देवळं डोंगरभर पसरलेली आहेत. नाचणाऱ्या उझुमेचं एक, युक्ती सुचवणाऱ्या देवाचं एक, नऊ डोक्यांच्या नागाचं एक. सर्वांत वरचं ओकुशा, दार फेकणाऱ्याचं.

ओकुशाची वाट दोन किलोमीटरची, अगदी सरळ. निम्म्यावर गवताने शाकारलेलं झुइशिनमोन हे द्वार आहे. छपरावर शेवाळं आणि नेचे उगवलेले. त्या द्वारातून पाऊल पुढे टाकलं आणि आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. दोन्ही बाजूंना चारशे वर्षांहून जुने सुगी, म्हणजे जपानी सीडर, वृक्ष, सरळसोट, मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही. बुंधे इतके रुंद की मागे उभा राहिलेला माणूस पुरता झाकला जातो. साली लालसर, उभ्या चिरांच्या. तळहात टेकवला तर लाकूड असूनही ऊबदार लागतात. अर्धा किलोमीटर ही अशी रांग. मी जपानमध्ये पाहिलेल्या सगळ्या वाटांत हिचा पहिला नंबर, यात मला शंका नाही. शेवटच्या दगडी पायऱ्या उंच आणि वाकड्यातिकड्या आहेत. आई काठी टेकत, थांबत थांबत चढली.

हे सारं १८६८ पर्यंत बौद्ध आणि शिंतो असं एकत्रच होतं. डोंगरात तप करणारे साधू इथे राहत. नव्या मेइजी सरकारने बुद्ध आणि कामी, म्हणजे शिंतो देव, यांची सक्तीने फारकत केली, बौद्ध मठ बंद पडला आणि भिक्षूंचे शिंतो पुजारी झाले. यात्रेकरूंना उतरवून घेणारी त्यांची घरं मात्र चालूच राहिली. चुशा आणि होकोशा या दोन देवळांभोवतीची ही घरं २०१७ पासून संरक्षित वस्ती आहे. आमचा मुक्काम त्यातल्याच एका घरात. वर गवताचं जाड छप्पर, घरातच छोटं देवघर. संध्याकाळी चहा आणून देणारे यजमान सकाळी पांढऱ्या पुजाऱ्याच्या वेशात आमच्यासाठी प्रार्थना म्हणायला उभे राहिले.

दुपारी सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, खाल्ला. ऑक्टोबरअखेर म्हणजे नव्या कुट्टूचा हंगाम, दुकानोदुकानी नव्या सोब्याच्या पाट्या. तोगाकुशीला नूडल्सच्या एकेका घासाएवढ्या पाच-सहा जुड्या वळून गोल बांबूच्या टोपलीत मांडतात. टोपल्याही इथल्याच बारीक बांबूच्या, गावात विणलेल्या. बरोबरच्या रसात मासा असतो, म्हणून आईने नुसत्या मिठाबरोबर आणि किसलेल्या तिखट मुळ्याबरोबर खाल्ला. नवऱ्याने दोन्ही तऱ्हांनी खाऊन पाहिला आणि मिठाचाच चांगला लागतो असा निकाल दिला. मलाही तसंच वाटतं. कुट्टूचा खमंग वास मिठानेच खुलतो.

गुरुवार : ओबुसेचं छत, शिबुची कुंडं

नागानोला उतरून खासगी रेल्वेची गाडी घेतली. टोक्योतल्या जुन्या गाड्या या मार्गावर दुसरा जन्म घेतात. एका गाडीत चालक छपराजवळच्या खोलीत बसतो आणि पुढची काच प्रवाशांना मोकळी मिळते. सफरचंदाच्या बागा थेट अंगावर येतात.

ओबुसे हे चेस्टनटचं गाव. चेस्टनट घातलेला चिकट भात खाऊन आम्ही गान्शोइन मंदिर गाठलं. चित्रकार होकुसाई म्हातारपणी, ऐंशी उलटल्यावर, एदोहून, म्हणजे आजच्या टोक्योहून, इथे येऊ लागला. ताकाई कोझान या इथल्या सधन व्यापाऱ्याने त्याला आसरा दिला होता. या मंदिराच्या छतावर होकुसाईने एकवीस चटयांच्या आकाराचा फिनिक्स रंगवला, मरणाच्या वर्षभर आधी. पक्ष्याचे डोळे तुम्ही कुठेही बसा, तुमच्याकडेच रोखलेले. लाल, हिरवा, निळा, सगळे रंग झगझगीत. फोटो काढू देत नाहीत, ते चांगलंच आहे. बाकावर बसून माना दुखेस्तोवर पाहत बसलो.

संध्याकाळी शिबु ओन्सेन हे गरम झऱ्यांचं गाव. दगडी फरशीची अरुंद गल्ली आणि तीत नऊ सार्वजनिक स्नानगृहं. ती गावकऱ्यांची, त्यांनीच झाडून-पुसून ठेवलेली. गावात मुक्कामाला असलात तरच किल्ली मिळते. दिवसापुरता आलेला माणूस नवव्या, सर्वांत मोठ्या कुंडाव्यतिरिक्त कुठे जाऊ शकत नाही. युकाता हा सुती झगा घालायचा, पायात लाकडी गेता, हातात किल्ली, आणि खटखट करत एका कुंडातून दुसऱ्यात. नऊही झाली की वरच्या टेकडीवरच्या देवळात जाऊन हात जोडायचे.

कपडे न घालता चारचौघींत उतरायचं याचा आईला संकोच वाटत होता. तिसऱ्या कुंडात एक स्थानिक आजी एकट्याच होत्या. आई दाराशी घुटमळते आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी लाकडी घंगाळ भरलं, स्वतःच्या खांद्यावर ओतून दाखवलं, मग आईच्या हातात दिलं. पाणी इतकं कढत की आई ‘‘अगंबाई!’’ म्हणून मागे सरली. आजी खळखळून हसल्या, थंड पाण्याचा नळ सोडला आणि आईला हाताने बोलावून त्याच कोपऱ्यात बसवलं. दोघी गळ्याइतक्या पाण्यात शेजारी शेजारी, आई मराठीत बोलतेय, आजी जपानीत, आणि दोघींचं अगदी सुरळीत चाललेलं.

शुक्रवार : माकडं, आणि लांबचा पल्ला

जिगोकुदानीच्या माकडांचं उद्यान १९६४ चं. कानबायाशीहून दीड किलोमीटर रानवाट. ऑक्टोबरमध्ये माकडं पाण्यात फार बसत नाहीत, खरी मजा बर्फात. आम्हाला पिल्लं आणि भांडणं भरपूर दिसली. त्यांना खायला द्यायला सक्त मनाई आहे, आणि म्हणूनच ती माणसांच्या पायांतून बेफिकीर फिरतात, हातातलं काही ओढत नाहीत. आपल्या घाटांतल्या माकडांची आठवण आली.

मग नागानो आणि तिथून बसने तासाभराहून थोडं जास्त, हाकुबा. अंधार पडता पडता पोचलो.

शनिवार : आठशे मीटर, अठराशे मीटर, दोन हजार

पडदा सरकवला तर समोर शिखरांची भिंत. हाकुबाची तीन शिखरं, शिरोउमा २,९३२ मीटर, शाकुशी २,८१२ आणि यारी २,९०३. माथ्यावर रात्री पडलेलं ताजं बर्फ, खाली तांबडी-पिवळी झाडं, पायथ्याशी हिरवी सूचिपर्णी रानं. एकाच डोंगरावर तीन ऋतू. हे बघण्यासाठी जपानी माणसंसुद्धा दिवस मोजत बसतात.

आमचा मुक्काम हाप्पोच्या पायथ्याच्या जुन्या वस्तीत होता. हिचं जुनं नाव होसोनो. शेतकरी आपल्या घराच्या खोल्या डोंगर चढायला आलेल्यांना देत, घरातलाच कोणी वाटाड्या म्हणून बरोबर जाई. घरगुती निवासाची, मिन्शुकुची, सुरुवात जपानमध्ये याच वस्तीतून झाली असं मानतात. स्की आलं, मग ऑलिंपिक आलं, आता परदेशी हॉटेलंही झाली. पण आमच्या मिन्शुकुच्या काकू भात त्यांच्याच शेतातला असल्याचं सांगत होत्या आणि दारात वाटाड्या सासऱ्यांची जुनी बर्फकुऱ्हाड टांगलेली होती. गावात सर्वांत जास्त मोलाचं मला हेच वाटलं. चकचकीत रिसॉर्टपेक्षा अशाच घरात उतरा, असं मी ठासून सांगेन.

गोंडोला आणि पुढे दोन चेअरलिफ्ट अशा टप्प्यांनी १,८३० मीटरवर पोचता येतं. तिथून हाप्पो तळं २,०६० मीटरवर, चालत दीड तास. आई लिफ्टच्या वरच्या टोकाला चहा घेत थांबली, आम्ही दोघं निघालो. या कड्यावर एक नवल आहे. खालच्या भागात झाडं नाहीत, बुटकी उंचावरची फुलझाडं आहेत, आणि त्याहून वर गेल्यावर पुन्हा भूर्जवृक्ष लागतात. नेहमीच्या उलट. कारण खालचा खडक सर्पेंटाइन, त्याच्या मातीत झाडं धड वाढत नाहीत. वाटेवर दगड रचून केलेले उंच ढीग आहेत, धुक्यात रस्ता चुकू नये म्हणून. तळ्याशी पोचलो तेव्हा वारा पडलेला होता. तिन्ही शिखरं पाण्यात उलटी. पंधरा मिनिटांनी ढग आले आणि सगळं पुसलं गेलं. सकाळच्या पहिल्या लिफ्टने निघा, दुपारी इथे काही दिसेलच असं नाही.

उतरताना ऑलिंपिकच्या डाउनहिल स्की शर्यतीची जागा लागते. आयोजकांना सुरुवात १,६८० मीटरवर हवी होती, कारण वरचा भाग राष्ट्रीय उद्यानाचा. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेला १,८०० हवी होती. कित्येक वर्षं वाद चालून शेवटी १,७६५ वर तडजोड झाली.

दुपारी स्की जंपिंगचा मनोरा. लिफ्टने वर जाता येतं, शेवटच्या पायऱ्या जाळीच्या, खाली थेट दरी दिसते. १७ फेब्रुवारी १९९८. सांघिक स्पर्धा, जोराचं हिमवादळ. पहिल्या फेरीत जपानच्या हारादाची उडी ७९.५ मीटरवरच संपली आणि जपान चौथ्या क्रमांकावर गेलं. स्पर्धा तिथेच थांबवली असती तर पदक हुकलं असतं. परीक्षकांनी ठरवलं, चाचणी उड्या घेणाऱ्यांना सुखरूप उतरता आलं तर दुसरी फेरी होईल. स्पर्धेत ज्यांना जागा नव्हती असे २५ जण त्या वादळात एकामागून एक उडाले. कोणी पडलं नाही. दुसऱ्या फेरीत हारादा १३७ मीटर गेला आणि जपानला सुवर्णपदक मिळालं. मनोऱ्यावरून खाली बघताना मला हारादापेक्षा त्या पंचवीस जणांचंच जास्त वाटत राहिलं. पोटात गोळा आणणारी ती उंची, समोर पांढरा पडदा, आणि स्वतःला पदक मिळण्याची सुतराम शक्यता नाही.

रविवार : उत्तरेकडे तोंड केलेली कान्नोन

झेन्कोजी केलं आणि बेश्शो गावची कितामुकी कान्नोन, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं मंदिर, केली नाही तर यात्रा अर्धीच, असं इकडे मानतात. झेन्कोजी दक्षिणेला तोंड करून परलोकाची काळजी वाहतं, तर कान्नोन उत्तरेला तोंड करून या जन्माची. मग टाळून कसं चालेल? नागानोहून शिंकानसेनने उएदा, तिथून अर्ध्या तासाची दोन डब्यांची गाडी. या मार्गावरचा चिकुमा नदीवरचा लाल लोखंडी पूल ऑक्टोबर २०१९ च्या वादळात कोसळला होता. दीड वर्षाने, मार्च २०२१ मध्ये, गाडी पुन्हा पुलावरून धावली. पूल आला तसे शाळकरी पोरांपासून सगळे खिडकीकडे वळले.

कितामुकी कान्नोन ८२५ साली स्थापन झाली असं परंपरा सांगते. हात धुवायच्या पाटातही इथे गरम झऱ्याचं पाणी येतं. जवळच्या आन्राकुजीत, रानातल्या पायऱ्यांवर, तेराव्या शतकाच्या अखेरीचा अष्टकोनी पागोडा आहे. लाकडी आणि आठ कोनांचा असा जपानमध्ये हा एकटाच. मजले तीन, पण खालच्या जास्तीच्या छपरामुळे चार दिसतात. छपरांखालचे कंगोरे आठही बाजूंना पंख्यासारखे उलगडत गेलेत. नवरा त्याच्याभोवती चकरा मारत राहिला, आई पायरीवर बसून खाली-वर बघत राहिली.

परतीच्या गाडीत आईने विचारलं, तो खांब उभारतात ते कधी म्हणालात? २०२७, नवरा म्हणाला. ‘‘मग तेव्हा मावशीला घेऊन येऊ. तिच्या गुडघ्यांना बिंझुरुची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.’’ गोकाइचोत सगळे शुकुबो भरून जातात हे पुजारीबुवांनी सांगून ठेवलं होतं. टोक्यो यायच्या आत नवऱ्याने चार जणांच्या जागेची चौकशी करणारी ई-मेल पाठवूनही दिली.